जरा उशिराने

“भाऊजी, गाणं मेलं हो आपलं!” मेहुणा दुकानात शिरता शिरताच म्हणाला आणि डोळे तपासायच्या खुर्चीत धपकन बसला.

चष्मेवाल्याने घासत असलेली काच उजेडात धरून पाहिली. मेहुण्याला नाटकं करायची सवयच होती. गायक ना तो. “मेलं म्हणजे? परवापर्यंत तर धडधाकट होतं.”

“परवापर्यंत तुम्ही होतात.”

हे ऐकून चष्मेवाल्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

त्यांचा बँड तिघांचा. मेहुणा गायचा आणि गिटार वाजवायचा. ठोक्या दिवसभर गॅरेजात गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकायचा आणि संध्याकाळी ड्रम. चष्मेवाला बेस गिटारवर. गाणी म्हणजे एकेक नमुना! हरवलेल्या मोज्याचं, लिफ्टमधल्या आरशाचं. पॉप म्हणावं तर नाचायची सोय नाही, आणि गंभीर म्हणावं तर ऐकणारा हसत सुटायचा. तरी हळूहळू माणसं जमायला लागली, आणि एका मोठ्या बँडने त्यांना आपल्याआधी वाजवायला दौऱ्यावर बोलावलं. कित्येक महिने गावोगाव फिरायचं. त्याआधी स्टुडिओत एक गाणं रेकॉर्ड करायचं.

चष्मेवाला नको म्हणाला. लोकांनी त्यात त्याग वगैरे शोधला. बायकोनेही विचारलं, “अहो, माझ्यामुळे नाही ना?” पण खरं सांगायचं तर त्याला आपलं दुकान आवडायचं. धूसर दिसणारा माणूस नवा चष्मा घालून समोरची पाटी घडाघडा वाचतो, तेव्हा त्याचा चेहरा बघायला आवडायचं. संध्याकाळी घरी जायला आवडायचं. सुखी माणूस होता बिचारा, दुसरं काय! फक्त रेकॉर्ड होणार होतं ते ‘फ्रिजचा दिवा’ हे गाणं, त्याच्याच स्वयंपाकघरात जन्मलेलं, आणि त्यात आपलं काहीतरी राहावं असं त्याला फार वाटत होतं. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“मास्तर वाजवतात की चांगलं,” तो म्हणाला. मास्तर म्हणजे त्याच्या जागी आलेले, शाळेत संगीत शिकवणारे.

“तेच तर दुखणं आहे! एक चूक करतील तर शपथ. तरी गाण्यात जीवच नाही. काय बिघडलंय ते कुणाला कळेना. उद्या रेकॉर्डिंग आहे, चला तुम्ही.”

संध्याकाळी ठोक्याच्या गॅरेजात त्याने गाणं ऐकलं. फ्रिजचं दार बंद झाल्यावर आतला दिवा काय करत असेल, असं ते गाणं. दार बंद होतं तिथे तिघंही एकदम थांबायचे, आणि मग एकटा बेस सुरू व्हायचा. मास्तर अगदी तालावर आले. आणि खरंच, गाणं तिथेच खाली बसलं.

“द्या इकडे,” म्हणत चष्मेवाल्याने मास्तरांना उसना दिलेला आपला बेस गळ्यात अडकवला. पुन्हा सुरुवात झाली. दार बंद झालं. सगळं शांत. मग जरा उशिराने बेस आला आणि मेहुणा ओरडला, “हेच! हेच ते!”

“तुम्ही उशिरा येता,” मास्तर म्हणाले.

“पहिल्यापासून,” ठोक्या हसला. “आधी आम्ही शिव्या घालायचो, मग सवय झाली. पण भाऊ, थांबल्यावर तुम्ही मागे त्या रंगाच्या डब्यांकडे काय बघता?”

चष्मेवाला चपापला. आपण बघतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग आठवलं. स्वयंपाकघरात सराव करायचे तेव्हा त्याच्या पाठीशी पाळणा असायचा. आवाजात पोर गाढ झोपायची; शांतता झाली की दचकायची. म्हणून गाणं थांबलं की तो आधी मागे वळून बघायचा, आणि ती झोपलेली दिसली की मगच वाजवायचा. पाळणा केव्हाच शेजारी देऊन टाकला होता, पण मानेला कुणी कळवलं नव्हतं.

“किती मात्रांचा उशीर ते सांगा, मोजतो,” मास्तर म्हणाले.

“मोजू नका. मागे बघा. पोर झोपलीय का ते बघायचं आणि मग वाजवायचं.”

“मला पोरबाळ नाही हो.”

“मग घरात दुसरं कुणी?”

मास्तर म्हणाले, “आई आहे. तिला झोप लागत नाही हल्ली.”

“झालं तर!”

मास्तरांनी बेस घेतला. दार बंद झालं, त्यांनी मागे वळून पाहिलं, चांगलं पाहिलं, आणि मग बेस आला. ठोक्याने आनंदाने ड्रमच्या थाळीवर काठी आपटली. चष्मेवाला मनापासून हसला. निघताना म्हणाला, “बेस ठेवा तुमच्याकडेच. घरी नुसता धूळ खाईल.” रस्त्याला लागल्यावर मात्र रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला घर येईपर्यंत सुचलं नाही. घरी त्याने हा सगळा किस्सा सांगितला. बायको डोळे पुसत हसली आणि पोरीने तो पुन्हा पुन्हा सांगायला लावला.

पुढे गाणं रेडिओवर लागलं. रविवारची सकाळ होती, घरची तिघं नाश्त्याला बसली होती. निवेदकाने तिन्ही वादकांची नावं घेतली. त्यात मास्तरांचं होतं.

“तुमचं नाही घेतलं!” बायकोने नाक मुरडलं.

“अगं, वाजवतात ते. ऐकू दे.”

गाणं पुढे गेलं. फ्रिजचं दार बंद झालं. घर एकदम शांत झालं, आणि चष्मेवाल्याची मान आपोआप मागे वळली. पोर खुर्चीत ताठ बसून, चमचा हातात धरून त्याच्याचकडे बघत होती.

“मी जागी आहे, बाबा,” ती हळूच म्हणाली.

मग बेस आला.