पुलाजवळ हललेलं कोपर

मी बोलतेय. हो, मीच. दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकलेली, दांडीवरचा रंग उडालेली काळी सायकल. गिऱ्हाइकं माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "ही विकायची आहे का?" म्हातारा मालक दरवेळी एकच उत्तर देतो, "ती माझ्या बहिणीची आहे." बहीण आता नाही. तरी तो 'होती' असं म्हणत नाही.

माझा जन्म कारखान्यातला नाही, याच दुकानातला. मालकाचे वडील तेव्हा सायकली दुरुस्त करायचे. मोडीत निघालेल्या एका सायकलीचा सांगाडा, दुसरीचं पुढचं चाक, तिसरीचं मागचं, असं जमवून त्यांनी मला उभं केलं. आऱ्या ओढून चाकांचा आऊट काढला, म्हणजे त्यांची डगमग घालवली, मला उलटं ठेवून पायडल फिरवलं आणि म्हणाले, "चालेल. हिला कुठं शर्यत जिंकायची आहे!"

खरंच, मला जिंकण्यासाठी बनवलंच नव्हतं. शर्यतीची सायकल होती दादाची, म्हणजे या मालकाचीच. नवी, हलकी, चांदीसारखी चमकणारी. त्याला सरावाला सोबत हवी होती, म्हणून मी. आणि माझ्यावर बसायला त्याची धाकटी बहीण. घरात एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

तुम्ही सायकलीवर नुसते बाजारात जात असाल, तर एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. वेगात जाताना खरा वैरी चढ नसतो, वारा असतो. पुढची सायकल तो फोडते आणि मागची तिच्या आडोशाला निवांत राहते. पुढचा दमला की उजवं कोपर जरासं बाहेर हलवतो. म्हणजे, 'आता तू पुढे ये, मी मागे होतो.' बोलायचं नाही, कारण बोलायला दम कुणाकडे असतो? कोपर हललं की मागच्यानं पुढे यायचं. सायकलवाल्यांमध्ये या शब्दाला, म्हणजे या न बोललेल्या शब्दाला, फार किंमत.

दादाच्या सरावात पुढे भिंगरी आणि मी. वारा आम्ही खायचा, वेग त्यानं कमवायचा. भावाची जुनी पँट घोट्याशी दोरीनं बांधून ती पहाटे निघायची तेव्हा शेजारीण हमखास दारात उभी असायची.

"अगं, आज पँट, उद्या मिशा लावशील!"

"लावीन की मावशी, तुमच्याकडच्या जास्तीच्या असतील तर द्या," भिंगरी पायडल मारता मारता ओरडायची. आई घरातून कपाळावर हात मारायची, पण दोघांसाठी दुधाचे पेले भरून ठेवायची. दोन्ही पेले सारखे भरलेले. एवढं मी दारातून रोज पाहिलं आहे.

दादा शर्यती जिंकू लागला. हार त्याच्या गळ्यात, धूळ आमच्या तोंडावर. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. पण एक दिवस घाटातून येताना तो मागे पडला. ती वळून थांबली, आणि माझ्या हँडलवर डोकं टेकवून स्वतःशीच हसली. त्या दिवशी तिला कळलं की आपण नुसता आडोसा नाही.

मग आली निवड शर्यत. पहिला येईल त्याला मोठ्या शहरातल्या शर्यतीला पाठवणार होते. भिंगरीनं नाव दिलं. सायकल क्लबचे सेक्रेटरी चष्मा पुसत बसले.

"पोरी, ही काय लिंबू-चमचा आहे का?"

"नाही काका. म्हणूनच आले."

नियमात मुलींना बंदी नव्हती. कारण बंदी घालावी लागेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. नाव लागलं. बाबांनी मला अख्खी खोलून साफ केली, बेअरिंगना नवं ग्रीस भरलं, आणि म्हणाले, "दोघं मिळून जा. पुलापर्यंत हिनं वारा घ्यायचा, पुलापासून दादानं. शेवटी ज्याच्या पायात जोर असेल तो पुढे." दादानं बहिणीच्या हातावर टाळी दिली. "पुलापासून मी. काळजी करू नकोस."

सगळी शर्यत मला अजून आठवते. बाकीचे केव्हाच मागे राहिले होते. वारा समोरून येत होता, नुसता अंगावर येत होता. भिंगरीचा घाम माझ्या दांडीवर टपटपत होता. पूल आला. तिनं कोपर हलवलं.

मागून कुणी पुढे आलं नाही.

तिनं पुन्हा कोपर हलवलं, या वेळी चांगलं ठळक. आणि मग मागून मला तो आवाज आला. टिकटिक, टिकटिक. पायडल मारायचं थांबवलं की सायकलीच्या मागच्या चाकातून येतो ना, तो. आमच्या आडोशाला बसून पायांना आराम देत असलेल्या माणसाच्या सायकलीचा आवाज. मी ऐकला. तिनंही ऐकला, कारण तिचे हात माझ्या हँडलवर एकदम गार पडले.

ती तशीच ओढत राहिली. शेवटच्या वळणावर दादा आमच्या बाजूनं निघाला, ताजातवाना, आणि अर्ध्या चाकानं पुढे गेला.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय रे, पुलापासून तू होतास ना पुढे?"

"दमच संपला होता, बाबा. पुढे कुठून येऊ?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. ती माझ्या चाकातला चिखल काढत होती. मान वर न करता म्हणाली, "हो बाबा. दमला होता तो."

मोठ्या शहरात दादाचा पाड लागला नाही. पुढे वारा घ्यायला कोण होतं? परत आला तो दुकानातच रमला. भिंगरी पोस्टात लागली. बहीणभाऊ एका घरात राहिले, एकत्र जेवले, एकमेकांची थट्टा करत म्हातारे झाले. फक्त सायकल एकत्र चालवली नाही, पुन्हा कधीच. का, ते कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी ती मैदानावर मुलींना शिकवायची. किती गुडघे माझ्यापायी फुटले असतील! मुलींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा तिचे स्वतःचे गुडघे गेले होते, म्हणून तिला झेंडा दाखवायला बोलवायचे. तिचा धडा मात्र एकच. "कोपर हललं की पुढे यायचं. कारणं नंतर सांगायची."

दादा दुकानातून हे ऐकायचा. पंक्चर काढता काढता त्याचा हात पाण्यातच राहायचा.

शेवटी ती अंथरुणाला खिळली, दुकानामागच्या खोलीत. मला तिच्या दाराशीच उभं केलं होतं. तिचाच हट्ट. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. एका दुपारी दादा पायथ्याशी स्टुलावर बसला होता. उघड्या खिडकीतून गार वारा सरळ तिच्या अंगावर येत होता. आणि पांघरुणावर ठेवलेलं तिचं उजवं कोपर हललं. जरासं बाहेर.

दादा बघतच राहिला.

ते पुन्हा हललं.

तो गुडघ्यावर हात देऊन उठला. स्टूल ओढत त्यानं खिडकी आणि पलंग यांच्या मधोमध आणलं आणि वाऱ्याकडे पाठ करून बसला. खिडकी लावता आली असती. त्यानं ती लावली नाही.

"दिसलं गं, भिंगरे," तो म्हणाला. "आलो मी पुढे."

तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र किंचित हसले. "पूल केव्हाच मागे गेला रे, दादा."

उन्हं उतरेपर्यंत तो तसाच बसून होता. ती गेली तेव्हाही त्याची पाठ वाऱ्याकडेच होती.

आता दर रविवारी तो मला पुसतो, चेनला तेल देतो, मागचं चाक उचलून फिरवतो. ते टिकटिक करू लागतं. लगेच तो आऱ्यांवर हात ठेवून ते थांबवतो. तेवढं त्याला अजून ऐकवत नाही.

मला या भिंतीपासून हलवा हो कुणीतरी. अंगात अजून जोर आहे, टायर तेवढे बदला. मैदानावरच्या एखाद्या मुलीला द्या. आणि ती पुढे वारा घेत असताना तुम्ही मागे असलात, तिचं कोपर हललं, तर पुढे या. दमलो होतो, असं नंतर सांगू नका. मागची टिकटिक पुढच्याला ऐकू येते.