दोन जिल्ह्यांची कावीळ

साथ आली आणि संयोगिता वहिनी गेली.

हे वाक्य वाचलं असेल तर सोडून द्या. साथ आलीच नाही, त्यामुळं तिच्यात कुणी जायचा प्रश्न येत नाही. मी पहिल्यापासून सांगतो.

आमच्या वाडीच्या मधून ओढा जातो. अलीकडचा काठ सातारा जिल्हा, पलीकडचा सांगली. दोन्ही काठांना टाकी एकच, पाइप एकच, आणि पाइप ज्या गटारात फुटलाय ते गटारही एकच. चैत्रात अलीकडं अकरा जणांचे डोळे पिवळे झाले, पलीकडं नऊ.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. माणूस चांगला. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी आम्हाला शब्दाचा अर्थ समजावला.

"साथ म्हणजे एका ठिकाणी, एका वेळी, नेहमीपेक्षा फार जास्त रुग्ण. अकरा म्हणजे तुरळक."

"पलीकडं नऊ हायती की," मी म्हणालो.

"ते सांगलीचे."

"आवं, पाणी एकच हाय."

"पाण्याला जिल्हा नसतो. रुग्णाला असतो."

साथ ठरली असती तर नळ बंद झाला असता, टँकर आला असता, गरोदर बायकांना आधी हलवलं असतं. तुरळकला फक्त सूचना मिळते, की पाणी उकळून प्या. जाताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, घरात कुणी पोटुशी आहे का? वहिनीला पाचवा महिना होता. "ही कावीळ गरोदर बाईला लवकर सोडत नाही," एवढं बोलून त्यांनी मोटारसायकलला किक मारली.

माझा दादा, वीरधवल, फौजेत. फोनवर म्हणाला, "तिला आष्ट्याला पोचव." आष्टा वहिनीचं माहेर. मी तिच्या वडलांना फोन लावला.

"साथ हाय का तुमच्याकडं?" त्यांनी विचारलं. "असली तर आणू नका, हितं बारकी पोरं हायत. नसली तर आत्ता कशाला? सातव्याला आणायचीच हाय की."

यात खोट काढायला जागा नव्हती. मी फोन ठेवला. वहिनीनं भरलेली पिशवी दाराशी तशीच राहिली.

घरात पाणी उकळायचं तर आई तयार नाही. आईचं नाव चंद्राबाई, आणि तिच्या मते उकळलेलं पाणी मेलेलं असतं. शेवटी पलीकडच्या काठावरच्या राजमती काकूंनी मार्ग काढला. त्या आणि त्यांचे मालक आदगोंडा पाटील, जैन घर, पिढ्यान्‌पिढ्या पाणी गाळून, उकळून पिणारं. त्यांच्यात एकालाही कावीळ नव्हती. खरं तर पलीकडचा आकडा वाढत नव्हता तो त्यांच्यासारख्यांमुळंच. काकू रोज सकाळी कळशीभर उकळलेलं पाणी धाडायच्या.

"भावजी, मी आता सांगलीचं पाणी पिते," वहिनी म्हणायची. "मेले तर कुठल्या जिल्ह्यात धरतील?"

"अर्ज करावा लागंल."

"करा की मग. रिकामेच हायसा."

सरकारनं साथ म्हटली नाही, पण वाडीनं म्हटली. वाडीत त्या शब्दाचा उपयोग एकच, मरीआईचा गाडा काढायचा. लाकडाचा छोटा गाडा, त्यात हिरवा खण, लिंबं, दहीभात आणि घरटी एकेक तांब्या पाणी ओतून भरलेली घागर. वाजतगाजत तो शिवेपलीकडं नेऊन सोडायचा, पुढच्यांनी आणखी पुढं ढकलायचा. त्यात आमच्या वाडीची वेगळी रीत अशी, की गाडा हलण्याआधी त्या घागरीतलं पहिलं भांडं पोटुशीनं प्यायचं. ती तरली की वाडी तरली.

"आई, त्यात समद्या नळांचं पाणी हाय," मी म्हणालो.

"म्हणूनच रं. समद्या घरांचा आशीर्वाद हाय त्यो."

सुनेसाठी आईनं गाडा ठरल्यापासून उपास धरला होता. भांडं तिनं स्वतः भरून वहिनीपुढं धरलं. वहिनीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"एका भांड्यानं काय हुतंय, भावजी," म्हणाली, आणि प्याली.

गाडा ओढ्यावरच्या फरशी पुलावर पोचला. पलीकडच्या टोकाला आदगोंडा चार माणसं घेऊन उभे.

"चंद्राक्का, गाडा घेता येणार न्हाई. आमच्यात साथ न्हाई. नऊच हायती."

"आमच्यात तरी कुठं हाय?" आई म्हणाली. "तुरळक हाय म्हणं."

"मग गाडा कशाचा काढलाय?"

गाडा पुलाच्या मधोमध सोडून सगळे आपापल्या जिल्ह्यात परतले. दहीभात एका शेळीनं खाल्ला. शेळी अजून ठणठणीत आहे.

महिन्याभरानं वहिनीचे डोळे पिवळे झाले. कराडला दवाखान्यात नेली. तिथं तिची शुद्ध गेली ती परत आली नाही. बाळही आलं नाही. दादा वर्दीतच पोचला, तेव्हा तिला तिरडीवर बांधून ठेवलं होतं.

"काय झालं हुतं तिला?" त्यानं विचारलं.

"तुरळक," मी म्हणालो. दुसरा शब्द आमच्याकडं मंजूर नव्हता.

पुढं डॉक्टर घरी भेटायला आले. चहा घेतला नाही. मृत्यू कराडात झाला म्हणून कराडकडं धरलाय, वाडीकडं शून्य, असं त्यांनी जमिनीकडं बघत सांगितलं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण माणूस चांगला.

आई आता पाणी उकळते. पातेलं चुलीवर ठेवते आणि ते आटून जाईपर्यंत समोर बसून राहते. मग परत भरते. काकूंची कळशी अजून आमच्याकडंच आहे, ती न्यायला कुणी येत नाही आणि द्यायलाही कुणी जात नाही. नळाला पाणी रोज सकाळी येतं, वेळेवर.

वहिनीला कबूल केलेला अर्ज मी केला. त्यातला शेवटचा भाग असा:

तरी मेहेरबान साहेबांना विनंती की, सदरचा ओढा आमच्या वाडीच्या मधून काढून पलीकडील शेवटच्या घराच्या मागे सरकवण्यात यावा, व हा बदल गेल्या चैत्रापासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावा. जेणेकरून अकरा व नऊ एका ठिकाणचे धरले जाऊन साथ येईल, नळ बंद होईल, आणि सौ. संयोगिता वीरधवल यांना टँकरचे पाणी देऊन वेळेत आष्ट्यास पोचवणे कार्यालयास सोयीचे होईल. त्या तयार आहेत. पिशवी भरलेली आहे.