सुईची खोटी साक्ष

मी सुई बोलतेय. दुसऱ्याला टोचण्यात माझा जन्म गेला, आज थोडं स्वतःला टोचून घेते. एकदा मी खोटी साक्ष दिली आणि जमनीचे डोळे जाता जाता वाचले.

बाभुळगावच्या बाजारात मोतीबाईनं मला घेतलं आणि लेकीच्या, जमनीच्या हाती दिलं. लेकी आईला याडी म्हणत. आमच्या बंजारा तांड्यात भरतकाम करणाऱ्या पुष्कळ, पण जमनीनं बसवलेला आरसा उपटून काढतो म्हटलं तरी निघत नसे.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात तांड्यात डोळ्यांची साथ आली. पंधरा दिवसांत सगळ्यांचे डोळे निवळले, जमनीचेही. पण तिला उजेड सोसेना, समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं दिसे. दोन महिने झाले तरी तेच. धाकट्या बहिणीच्या, गंगीच्या लग्नाची कांचळी, म्हणजे आरशांची चोळी, तिलाच भरायची होती, म्हणून ती माहेरी आलेली. शेवटी मोतीबाई तिला यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी ओढणीच्या काठात खोचलेली होतेच.

डॉक्टर म्हणाले, साथ गेली, पण बुबुळावर सूज मागे राहिली आहे, बारीक पांढरे ठिपके आहेत. त्यांनी थेंब दिले आणि बजावलं, रोज चार वेळा घाला, पंधरा दिवसांनी दाखवा, बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करू नका.

आठ दिवसांत धुकं पातळ झालं. तेव्हा मोतीबाईनं तांड्यातली जुनी परीक्षा घेतली. मला आणि दोऱ्याला जमनीच्या हातात दिलं. पहिल्याच खेपेला दोरा आत गेला.

"सुईत दोरा गेला म्हनजे डोया बरा झाला," मोतीबाई म्हणाली. "आता थेंब कायले पाह्यजे?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. जमनीनं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. नखानं नेढं चाचपलं, दोऱ्याचं टोक जिभेनं ओलं केलं आणि सरकवलं. लहानपणापासूनची सवय ती. काम बोटांनी केलं हे तिचं तिलाही कळलं नाही. मी ओरडले असते, पण सुईला तोंड कुठं असतं!

थेंब बंद झाले आणि सहाव्या दिवशी डोळे पुन्हा गढूळले, आधीपेक्षा जास्तच. कांचळी उन्हात धरली की आरसे डोळ्यांत घुसत. तरी ती बोलेना, लग्न तोंडावर आलेलं. एक आरसा वाकडा बसला, मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी मी तिच्या बोटात खोल शिरले. कापडावर रक्त पडलं, तेही तिला दिसलं नाही. गंगीला दिसलं.

"राहू दे, बाई," गंगी बहिणीला म्हणाली. "मी याडीची जुनी कांचळी घालीन. तू डोये सांभाळ."

पुन्हा यवतमाळ. थेंब कुणी बंद करायला सांगितले, असं डॉक्टरांनी विचारलं. जमनीनं मला ओढणीतून काढून टेबलावर ठेवलं.

"हिनं," ती म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी तिला न चाचपता, नुसतं बघून दोरा ओवायला लावला. सात वेळा दोरा बाजूनं गेला. मोतीबाई भिंतीला टेकून खालीच बसली.

"पोरीची नजर गेली काय, सायेब?"

"गेली नाही. पण आता थेंब मी सांगेन तेव्हाच कमी करायचे. चाराचे तीन, तिनाचे दोन. घाई केलीत तर सूज परत येईल."

गंगी जुन्याच कांचळीत बोहल्यावर चढली. मी रिळात खुपसून पडून होते. पंधरा-पंधरा दिवसांच्या खेपा होत राहिल्या, थेंब एकेक करून उतरत गेले आणि होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी बाटली बंद केली.

आता मी गंजले आहे, टोकही मोडलंय. माझं एवढंच मागणं आहे, डोळ्यांचा निकाल सुईला विचारू नका. मला बोटांचंच काय ते कळतं.

बाटली बंद झाली त्याच्या दुसऱ्या सकाळी जमनी अंगणात आली. तिनं मला उजेडासमोर धरलं, एकेक डोळा मिटून पाहिलं. नख लावलं नाही. दोरा हळूच आत आला. इतकी वर्षं तिच्या बोटांत काढली, पण जमनीनं मला पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.