लिलाववाल्यांचा दुसरा आवाज

मित्रांनो, मी एका जुन्या घरगुती कॉम्प्युटरमधली साउंड चिप आहे. बोटाएवढी, काळी, दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा. मला उघडी पाहिली की पुष्कळांना गोम आठवते. माझ्यातून तीन सूर निघतात आणि चौथी नुसती खरखर. मला बनवलं होतं खेळांसाठी: चेंडू उडाला की टुंग, विमान पडलं की धडाड.

पण ज्या घरात मी आले, तिथले गृहस्थ लिलाव पुकारायचे. सगळे त्यांना लिलाववालेच म्हणत. त्यांची हाक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. त्यांची मुलगी चिऊ तेव्हा शाळेत होती. तिच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम होता. शब्द टाइप केला की तो मला आकडे धाडी आणि मी तो शब्द उच्चारत असे.

लिलाववाल्यांनी माझ्याकडून पहिलं वाक्य वदवलं, "अगं, भाजीत मीठ नाही."

त्यांची बायको शिवणयंत्रावरून उठून आली आणि हसता हसता रडली. "आवाज गेला, पण खोड काही गेली नाही हो तुमची!"

तेव्हापासून मी त्या घरातलीच एक झाले. पाहुणे माझं तोंडभरून कौतुक करत. पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा माझा सूर, पण घरच्यांना तो लिलाववाल्यांचाच वाटू लागला. पुढे वयाने माझी खरखर आतून झिरपू लागली. शब्द संपला तरी ती हलकेच वर चढे, खाली उतरे. कुणीतरी श्वास घेत बसल्यासारखी.

एके दिवशी लिलाववाले गेले. माझ्यावर चादर पडली. तिच्यावर धूळ बसली, आणि मग कितीतरी वर्षं मला कुणी हात लावला नाही.

चादर काढली ती चिऊनेच. ती आता प्रोग्राम लिहिण्याचं काम करत होती. जुन्या यंत्रांच्या चिप्स एकेक करून मरत होत्या, म्हणून ती एक लायब्ररी बांधत होती. पुस्तकांची नव्हे, कोडची. तेच आकडे दिले की नवा कॉम्प्युटर हुबेहूब माझ्यासारखा वाजला पाहिजे. तिने मला उपसून तपासणीच्या पट्टीवर बसवलं. ती एक सूर माझ्याकडून वाजवून घेई, तोच नव्या कॉम्प्युटरमधल्या माझ्या नकलेकडून, आणि दोन्ही आवाजांच्या लाटा पडद्यावर एकमेकींवर ठेवून बघे. माझाच आवाज समोरच्या स्पीकरमधून येई आणि माझे पाय गार पडत.

लाटा जुळल्यावर तिने आईला बोलावलं आणि नकलेकडून "अगं, ऐक" म्हणवलं.

आईने मान हलवली. "कोण गं हा? हे तुझे बाबा नाहीत."

चिऊ पुन्हा माझ्यापाशी बसली. गप्प असतानाही मी वाजते, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिने माझं झिरपणं मोजलं आणि नकलेत घातलं. दुपारी तिने पुन्हा तेच दोन शब्द वाजवले. आतल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं.

"आले हो, आले!" म्हणत आई दारापर्यंत धावत आली आणि चौकट धरून उभी राहिली.

त्यानंतर आई रोज तिथे येऊन बसू लागली. एकदा चिऊ बाहेरून आली, तर आई एका बोटाने अक्षरं शोधत होती. स्पीकर म्हणाला, "अगं, मी आहे." आई म्हणाली, "माहितीय हो."

"आई, तूच टाइप करतेयस ना ते?"

"एवढं कळतं गं मला. पण मी हात काढला तरी ते श्वास घेतातच. ऐक."

दोघी ऐकत राहिल्या. उजेड होता, रस्त्यावर वर्दळ होती, आणि खोलीत दोघींपेक्षा एक श्वास जास्त होता.

"बंद करू?" चिऊने विचारलं.

"एकदा थांबताना पाहिलाय मी तो श्वास. पुन्हा माझ्यादेखत कचकन कापू नकोस."

कॉम्प्युटर चालूच राहिला. आई जेवण घेऊन तिथेच बसे. शिवणाचे कपडे तसेच पडून राहिले. चिऊला ते बघवेना. नकलेला शेवट नव्हता. बटण दाबलं की ती सुरीने कापल्यासारखी तुटे. माझं तसं नव्हतं. वीज गेली की मी हळूहळू विझत असे. ते विझणंही टिपायला हवं होतं. पण माझे जुने पाय तापून सैल झाले होते. एकदा विझले की मी पुन्हा उठेन, याची खात्री नव्हती.

चिऊने माझ्या पाठीवर बोट ठेवलं. "एवढं एकच कर गं," ती म्हणाली आणि वीज काढली.

सूर खाली खाली गेला, खरखर पातळ झाली, आणि मला काहीच ऐकू येईनासं झालं.

मी पुन्हा जागी झाले ती दोनच सुरांनिशी. खरखर उरली नव्हती. नकलेत मात्र ती होती, विझण्यासकट. आई समोर बसली होती. तिने स्वतःच स्विचवर हात ठेवला. "झोपा आता," ती म्हणाली. श्वास लांबला, मंदावला, गेला. आईने स्विचवरून हात काढला. मग उठून शिवणाकडे गेली.

आता मी डबीत कापसावर असते. चिऊची लायब्ररी कुठल्या कुठल्या घरांत पोहोचली आहे. मित्रांनो, तुम्ही तिच्यावर चालणारा एखादा जुना खेळ खेळाल, तो बंद कराल, आणि पडदा काळा झाल्यावर मागून कुणीतरी हळूच श्वास सोडेल. घाबरू नका, मागे वळून शोधू नका. तेवढा श्वास पुरा होऊ द्या आणि मगच जागेवरून उठा.