झोत नसतानाचं रीडिंग

योगिनी भर सभेत खोटं बोलली, तेव्हा उमाजीकाका शेवटच्या रांगेत बसले होते.

तारनाक्याजवळच्या एका प्रयोगशाळेत तिचं पीएचडीचं काम चाले. निर्वात पेटीत बारीक छिद्रातून वायूचा झोत सोडायचा आणि त्यावर लेसर मारायचा. एरवी वायूचे रेणू वाट्टेल तिकडे तोंड करून भिरभिरतात. झोतात मात्र ते एका दिशेला वळतात, असं तिचं म्हणणं. लेसरच्या प्रकाशाची कंपनं उभी ठेवली की रेणू जास्त चमकत, आडवी ठेवली की कमी.

सभेत तिनं हे मांडल्यावर पुण्याहून आलेल्या पाहुण्या शास्त्रज्ञांनी विचारलं, "झोत बंद करून नुसता वायू भरला, तर फरक दिसतो का?"

"नाही सर. शून्य."

दिसला होता. म्हणजे तो फरक रेणूंचा नसून उपकरणाचा दोष असू शकत होता. झोताविना रीडिंग घेतलं त्या दिवशी मदतीला वर्कशॉपचे मेकॅनिक उमाजीकाकाच होते. ते म्हणालेही, "खिडकीचे बोल्ट लई कसलेत, बाई. काच दबली की उजेड बिघडतो. सैल करू?"

"तुम्ही बोल्ट बघा, फिजिक्स मी बघते," ती खेकसली होती. ते रीडिंग तिनं वहीत उतरवलंच नाही.

सभा संपल्यावर काका चहा न घेताच निघून गेले. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. घरी हिमायतनगरला आईनं "कसं झालं गं?" विचारलं, तर "छान" म्हणताना तिला स्वतःचीच किळस आली.

सकाळी ती मार्गदर्शक मंगला मॅडमसमोर उभी राहिली. "झोत नसतानाही फरक येतो, मॅडम. मला माहीत होतं."

मॅडमनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "पाहुण्यांना फोन लाव. माझ्यासमोर."

तिनं लावला. "शून्य नव्हतं, सर," ती म्हणाली.

तिथून ती वर्कशॉपात गेली. "काका, त्या दिवशी मी जे बोलले..."

"हौ, चला," काकांनी पाना उचलला.

बोल्ट सैल केल्यावर नुसत्या वायूतला फरक नाहीसा झाला. झोतातला उरला, पण आधीच्या पावपटच. रेणू वळत होते, थोडेसेच.

नव्या शोधनिबंधात आभार मानायला तिनं काकांचं नाव लिहिलं. ते वाचून ते खाली बघत म्हणाले, "नक्को, बाई. तुम्ही शून्य म्हणालात, तवा मला खरं ठावं होतं. मीबी गप्पच बसलो की."