चंद्रभानजींची जागा

“कोनासाठी थांबून राहिला बे, चंद्र्या? येथं हसाले कोनी आहे का?” नत्थूजी माइकसमोरून ओरडले आणि मी टेप थांबवली.

काचेपलीकडे चंद्रभानजी मुळीच ओशाळले नाहीत. “लोकं घरी आयकतीन ना गा, तवा हसतीन. त्याहिले जागा नको?”

सन चौऱ्याहत्तरचा मार्च होता. धंतोलीतल्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत मी ध्वनिमुद्रण करीत असे. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांचे आवाज ऐकणे मला सोपे वाटे. खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यात गाजलेली ही जोडी ससा-कासव, सिंह-उंदीर, कोल्हा-कावळा यांच्या गोष्टी गाण्यांतून सांगणारी तबकडी काढत होती. ससा नत्थूजी, सिंह नत्थूजी, कोल्हाही नत्थूजीच. कामठीच्या मागावर राबणाऱ्या चंद्रभानजींच्या वाट्याला प्रत्येक गोष्टीत दोनच शब्द येत : “हो जी.”

पण ते त्यापूर्वी थांबत. कन्हानच्या जत्रेत मी ते पाहिले होते. ससा विचारी, “शर्यत लावतं का बे, कासवा?” चंद्रभानजी सावकाश मान लांबवीत, लोकांकडे पाहत, सशाच्या पायांकडे पाहत, एकदा डोळे मिटून उघडीत. उत्तर येण्याआधीच सारे मैदान हसून लोळलेले असे.

चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले. “बाबू, माह्यी थांबाची जागा तशीच राहू देजो. माह्या बायकोनं, शामलानं, मले कधी पाह्यलंच नाही. गंमत बायाइनं पाहू नाही, असं आमच्या घरी. हे तरी ते घरी बसून आयकन.”

“हो,” मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी कळले, की एक बाजू चार मिनिटांनी लांबली आहे. स्टुडिओचे मालक मधुकरराव दारातूनच म्हणाले, “गाण्याला हात लावू नका. मधल्या रिकाम्या जागा काढून टाका.”

त्या जागा रिकाम्या नाहीत, एवढेच सांगायचे होते. ते वाक्य मी मनात नीट जुळवीत राहिलो. जुळले तेव्हा मधुकरराव जिना उतरून गेले होते. मग मी पाते उचलले. फितीचे तपकिरी तुकडे मांडीवर पडत गेले. आता प्रश्न संपतो न संपतो तोच “हो जी” येई, एखाद्या हरकाम्याने हुकूम झेलावा तसे.

दिवाळीनंतर तबकडी आली. ती घेऊन मी स्वतः कामठीला गेलो. शेजारच्या ताराचंदांनी आपला प्लेअर आणून ठेवला होता. शामलाबाई पदर सावरून भिंतीशी बसल्या. सशाने प्रश्न विचारला. चंद्रभानजींनी मान लांबवायला नुकती सुरुवात केली होती, इतक्यात त्यांचाच आवाज तबकडीतून निसटला. मान अर्ध्यातच राहिली.

“एवढंच जी?” शामलाबाई म्हणाल्या. “घरी तं कोन्या गोष्टीले लवकर हो म्हनत नाही तुम्ही!”

चंद्रभानजींनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला बरे वाटले असते. मी जमिनीकडे पाहू लागलो.

ते उठले, सुई मागे नेऊन ठेवली आणि प्रश्न संपताच दोन बोटांनी ती उचलली. त्या शांततेत मान लांबली, बायकोकडे वळली, माझ्या पायांकडे वळली. डोळे मिटले, उघडले. शामलाबाई पदर तोंडात धरून गदगदा हसू लागल्या.

“अजी, तबकडी खराब होईन नं!” ताराचंद कळवळले.

“होऊ द्या,” म्हणत चंद्रभानजींनी सुई टेकवली. खर्र. “हो जी.”

सात वर्षांनी त्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या घरी गेलो. आता प्लेअर घरचाच होता. माफीचे वाक्य मी बसमध्ये जुळवून आणले होते. मी तोंड उघडण्याआधीच शामलाबाईंनी तबकडी लावली. सशाने विचारले, “शर्यत लावतं का बे, कासवा?”

त्यांनी सुई उचलली. समोरच्या भिंतीपाशी कोणी उभे असावे तसे त्या तिकडे पाहत राहिल्या, मी कापला होता नेमका तेवढा वेळ. मग त्यांनी सुई हळूच खाली ठेवली.