असलेच पाहिजेत असे पोहे

आसावरीला बघायला इंदापूरवरनं पाहुणे यायचे होते, आणि तिच्या वडलांनी, तात्यांनी, सुपारी आणि बत्ता सकाळीच खुर्चीखाली आणून ठेवला होता. म्हंजी बघणं नुसतं नावाला. पाहुणे पोहे खाणार, तात्या सुपारी फोडणार, लग्न पक्कं, आणि आसावरी कोऱ्हाळ्यातनं कायमची इंदापूरला.

ह्याला कारण आबाजी सर. हे पोराचे चुलते. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून रिटायर झालेले, आणि आता गावोगाव व्याख्यानं देत हिंडायचे. तात्या नरसिंहपूरला दर्शनाला गेले तवा देवळाच्या ओवरीत सरांचं व्याख्यान चाललं होतं, देव आहे हे सिद्ध करून दाखवतो म्हणून. तात्या जन्मापासनं देव मानत आले होते, पण कुणी तो असा सिद्ध करून हातात दिला नव्हता. ऐकून इतके गार झाले की घरी आल्यावर आठवडाभर कुणावर खेकसले न्हाईत. असल्या माणसाच्या पुतण्याला पुण्याच्या कंपनीत नोकरी हाय म्हणल्यावर त्यांनी पुढं काय इचारलंच न्हाय.

आसावरीनं इचारलं. "कंपनीचं नाव काय, तात्या?"

"देव सिद्ध करणारा माणूस हाय तो. त्याला कंपनीचं नाव इचारू मी?"

आसावरीचं डोकं तापायला एवढं बास होतं. अकरावीत वर्गावरच्या मास्तरांनी अक्षरावरनं टोमणा मारला म्हणून दप्तर उचलून वर्गातनं निघाली, ती परत कॉलेजचं तोंड बघितलं नव्हतं. आता घरामागं तिची उसाच्या रोपांची नर्सरी होती. शेडनेटखाली ट्रेच्या ट्रे हिरवेगार, आणि गिऱ्हाईक तिच्याच नावानं हाक मारत यायचं. हे सगळं सोडून जायचं तर जाऊ, पण तिकडं खरोखर कामाला जाणारा माणूस तरी पायजे, एवढंच तिचं म्हणणं. आणि ते सुपारी फुटायच्या आत कळाय पायजे.

पाहुणे दोघंच आले. आबाजी सर पांढऱ्या झब्ब्यात, आणि मागनं विराज, नव्या शर्टाची घडी पाठीवर तशीच उमटलेली. आसावरीनं पाणी दिलं आणि समोर बसली. पोरगं तिच्याकडं बघतच नव्हतं. स्वैपाकघराच्या दाराकडं बघत होतं. आत आसावरीच्या आईनं, यशोदाबाईंनी, पोह्यांना फोडणी दिली होती.

"काय इचारायचं ते इचार," तात्या म्हणले. असं म्हणायची पद्धत असती. कुणी खरंच इचारत न्हाय.

"कुठल्या कंपनीत हायसा?"

विराजनं तोंड उघडायच्या आत सर बोलले. "कंपनी कुठे आहे हा प्रश्नच चुकीचा आहे, बाळ. आता सगळं घरून चालतं. कंपनी एका जागी नसते. ती सर्वत्र असते."

"मग कुणी बघितली का?"

"वारा दिसतो का? मग वारा नाही म्हणायचं?"

तात्यांनी मान डोलावली. आसावरी म्हणली, "वाऱ्यानं शेडनेट फाटतं, सर. नोकरीनं काय होतं ते तरी दिसाय पायजे की."

सर खूश झाले. त्यांना असंच पायजे असायचं. "विराजच्या मनगटाकडे बघ. घड्याळ आहे. घड्याळ काय मनगटावर उगवतं? ते कुणीतरी विकत घेतलं. घ्यायला पगार लागतो. पगाराला नोकरी लागते. असं मागे मागे गेलं की कुठेतरी थांबावंच लागतं. जिथं थांबलो, ती नोकरी."

"तुमी बी घेऊन दिलं असंल."

विराजनं घड्याळ हळूच बाहीत सरकवलं. आसावरीच्या नजरेतनं ते सुटलं न्हाय.

"बरं, हे सोडू," सर पुढं सरकले. "विराजची नोकरी अशी आहे, की जिच्याहून चांगली नोकरी मनातही आणता येणार नाही. पटतंय? आता ती नुसती मनातच असती, तर खरोखर असलेली नोकरी तिच्याहून चांगली ठरली असती. म्हणजे ती सगळ्यात चांगली राहिली नसती. म्हणून ती असलीच पाहिजे."

तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नरसिंहपूरला बी ह्याच मुद्द्याला आलं होतं, तवा नोकरीच्या जागी देव होता. त्यांचा हात खुर्चीखाली बत्ता चाचपडाय लागला.

"आणि समज, तरीही शंका आहे," सर म्हणले. "तर मानून टाकावं. नोकरी असली तर जन्माचं कल्याण. नसली तर मानणाऱ्याचं गेलं काय?"

"माझं गेलं की," आसावरी म्हणली आणि उठली. "पोहे आणते."

आत यशोदाबाईंनी कढईवरचं झाकण काढलं. आसावरीनं रिकाम्या ताटल्या घेतल्या, चमचे ठेवले, आणि चालली.

"आगं, त्यात काय हाय का?"

"असंल की. सर भरतील."

तिनं तिघांसमोर ताटल्या ठेवल्या. सर ताटलीत बघत राहिले. तात्यांनी डोळे वटारले.

"घ्या की," आसावरी म्हणली. "ताटली हाय, चमचा हाय. कुणी उगंच ठेवल्यात का? पोहे हायत म्हणून तर ठेवल्यात. आणि साधे न्हाईत. ह्यांच्याहून चांगले पोहे मनात आणून दावा. येत न्हाईत ना? मग ते नसून कसं चालंल? खाऊन बघा, सर. असले तर पोट भरंल. नसले तर तुमचं गेलं काय?"

बाहेर एक ट्रॅक्टर उसाची ट्रॉली घेऊन गेला. मग आबाजी सरांनी चमचा उचलला. ताटलीतनं फिरवला, तोंडात घातला, सावकाश घास चावला.

"मीठ किंचित कमी आहे," सर म्हणले.

आसावरी बघतच राहिली. माणूस पक्का होता.

सर खात्यात म्हणल्यावर तात्यांची पंचाईत झाली. त्यांनी एकदा लेकीकडं बघितलं, एकदा सरांकडं, आणि दोन चमचे घेतले. "जरा लिंबू पायजे होतं," ते बारीक आवाजात म्हणले.

राहिला विराज. त्यानं चमचा हातात घेतला. आतनं खोबरं-कोथिंबिरीचा वास येत होता. त्यानं चमचा परत खाली ठेवला.

"काका, मी सकाळपासनं उपाशी हाय. ह्यात पोहे न्हाईत."

"विराज."

"न्हाईत, काका. आणि नोकरी बी न्हाय." तो पहिल्यांदा आसावरीकडं बघून बोलला. "होती. दिवाळीत गेली. तवापासनं शोधतोय. घड्याळ काकांचं हाय."

तात्यांचा हात खुर्चीखालनं रिकामाच वर आला.

आसावरी आत गेली आणि खरे पोहे घेऊन आली, शीग लावून, वर दाणे. ताटली विराजसमोर ठेवली. त्यानं तोंड खाली घातलं ते वर काढलं न्हाय.

सर आपल्या ताटलीकडं बघत बसले होते. आसावरी म्हणली, "तुमचं तर झालं खाऊन."

तेवढ्यात यशोदाबाई कढई घेऊनच बाहेर आल्या आणि सरांच्या ताटलीत वाढाय लागल्या. "देव काय ते बघंल, सर. पोहे मात्र मला वाढावं लागत्यात." सरांनी एक घास खाल्ला, मग दुसरा. तिसऱ्याला म्हणले, "वहिनी, मीठ बरोबर आहे," आणि चौथा घास घेतला. तात्यांनी बी आपली ताटली पुढं केली.

सुपारी खुर्चीखालीच राहिली. जाताना पाहुणे घरामागनं निघाले, कारण गाडी तिकडं सावलीत लावली होती. विराज शेडनेटपाशी थांबला. वाकून एका ट्रेमधल्या रोपाला बोट लावून बघितलं.

"हे तुमचं हाय?"

"दिसतंय की," आसावरी म्हणली.

"ट्रे भरायला माणूस लागतो का?"

आसावरीनं त्याच्या शर्टाकडं बघितलं. "लागतो. पण जुना शर्ट घालून यायचं. आणि एकट्यानं."

सर गाडीत बसून हॉर्न वाजवत होते.